तळ्यातलं घर आणि गच्चीवरचा टब

सुधाकाकूंना आज सकाळी तळ्यातून नेलं.

तिथे तळं नाही. कितीतरी वर्षं झाली, तिथे त्यांचं घर आहे. समोर ऑफिसच्या कॅब उभ्या असतात.
पण कुठे राहता असं कुणी विचारलं, की काकू शेवटपर्यंत सांगायच्या, "तळ्यात."

नव्वदच्या दशकात मी नोकरीसाठी पुण्याहून बेंगळुरूला आले. बनशंकरीत काकूंकडे पेइंग गेस्ट म्हणून राहिले.
काकू बेळगावकडच्या. कॉलेजात बॉटनी शिकवायच्या. काका कारखान्यात इंजिनियर. घर भाड्याचं.

काकांना एकच ध्यास होता. स्वतःचं घर.

एका उन्हाळ्यात त्यांनी मारतहळ्ळीच्या पलीकडे साइट, म्हणजे प्लॉट, घेतली. रविवारी आम्ही तिघं बसने बघायला गेलो.

भेगाळलेली काळी जमीन. तिच्यात ओळीने रोवलेले, चुना फासलेले दगड.
काका त्या दगडांमधून घरात फिरावं तसे फिरत होते.
"हा हॉल. इथे तुझं स्वयंपाकघर. पूर्वेला खिडकी."

काकू खाली वाकल्या होत्या.
"अहो, हे तळं आहे."
"होतं."

ब्रोकर हसला. "अक्का, केरे सत्तोगिदे."
तळं मेलंय.

काकूंनी भेगेत बोटं घालून एक ढेकूळ उपसलं. फोडलं. आत गोगलगाय होती. शंखाच्या तोंडावर घट्ट झाकण.
"मेलेलं नाही," काकू म्हणाल्या. "दार लावून बसलंय."

ढेकळांनी भरलेली पिशवी मांडीवर घेऊन त्या बसमध्ये बसल्या. काका पुढच्या सीटवर, ओळख नसल्यासारखे.

बनशंकरीच्या गच्चीवर कपडे भिजवायचा एक जुना टब होता. काकूंनी त्यात ती माती पसरली. पाणी ओतलं.
"मातीला पाणी घालतेयस," काका म्हणाले. "उद्या नैवेद्यही दाखव."

आधी गोगलगाईने दार उघडलं.
मग चार पाकळ्यांसारखं एक पान वर आलं. काकू पाणी वाढवायच्या, तसा त्याचा देठ वाढायचा. पान पाण्यावरच.
मग पाणकणसाची पाती.

एक पात आडवी कापून त्यांनी मला दाखवली. आत नुसती पोकळ जाळी.
"चिखलात हवा नसते. मुळं गुदमरतील. म्हणून पात वरून हवा खाली पोचवते."
"आपल्या घरासारखंच," काका पेपरमागून म्हणाले. "एकाने वर उन्हात राबायचं, बाकीच्यांनी चिखलात गार बसायचं."
"मुळांनी सोडलं तर वरचा आडवा होतो," काकू म्हणाल्या.

त्याच आठवड्यात जेवताना त्या म्हणाल्या, "तिथे नको बांधू या."
"सगळे बांधताहेत, सुधा. आपण थांबलो तर तळं परत येणार आहे?"
"नाही."
"मग?"

काकूंनी काकांच्या ताटात भात वाढला.

घर झालं. वास्तुशांतीला काकूंनी हसून सगळ्यांना वाढलं. सामानाच्या टेम्पोत टबही आला, आणि मीही.

पहिल्या पावसाळ्यात पायरीवर गोगलगायी आल्या. शेजारच्या साइटवर अजून भराव पडला नव्हता, तिथून.
काका आत गेले, ताट घेऊन आले. एकेक गोगलगाय उचलून ताटात ठेवली आणि वर टबात नेऊन सोडली.

पुढच्या वर्षी कमी आल्या.
मग आल्याच नाहीत.

काकूंचा नियम होता, उन्हाळ्यात टबाला पाणी नाही. तळं कोरडं पडायचं, तसा टब पडला पाहिजे. माती तडकली पाहिजे.
काकांना ते बघवायचं नाही. एका एप्रिलमध्ये त्यांनी लपून दोन मग पाणी ओतलं. हिरवी टोकं वर आली. काका खूश.
मग दोघं लग्नाला बेळगावला गेले. परत आले, तेव्हा ती टोकं उन्हाने जळून गेली होती.

"अहो, अर्धवट पाणी घालू नका," काकू म्हणाल्या. "जागं करायचं आणि सोडून जायचं. त्यापेक्षा झोपू द्यावं."

गेल्या आठवड्यात काकू आयसीयूत होत्या. शुद्ध नव्हती.
डॉक्टर म्हणाले, अजून एक मशीन लावता येईल. थोडे दिवस मिळतील. शुद्ध येईल असं नाही.

काका काचेतून आत बघत होते. मग मला म्हणाले,
"अर्धवट पाणी घातलं तर ती ओरडेल मला."

आणि डॉक्टरांना नको म्हणाले. स्वतः. कन्नडमध्ये, हळू आवाजात.

आज दुपारी भेटायला येणाऱ्यांसाठी गच्चीवर खुर्च्या मांडणं चाललं होतं. शेजारचा मुलगा नागपूरचा, आयटीतला, सकाळपासून धावपळ करतोय. त्याने टब उचलायला हात घातला.
"काका, हा रिकामा टब खाली नेऊ?"

"राहू दे," काका म्हणाले. "रिकामा नाही तो."

मग टबाजवळच खुर्ची ओढून बसले.
तडकलेल्या मातीवर हात ठेवून.

काकू, उन्हाळा आहे. टबाला कुणी पाणी घालणार नाही.
काकांजवळ मी आहे.

तुमचा निरोप घेते. नमस्कार.