धाकटीने आणलेलं पत्र

१२ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ढगाळ, नंतर ऊन. रस्तारुंदीतून चर्च वगळल्याचं नगरपालिकेचं पत्र अकरा वाजता आलं. धाकटीने आणलं.

डायरीत शेवटचे दोन शब्द लिहिताना थोरलीने पेन इतकं दाबलं की पुढच्या पानावर वण उठला.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. भिंतीपलीकडच्या घरात राहणारी, नगरपालिकेत बांधकाम विभागात कारकून. चर्चची पायरी चढायची ती लग्नाला, नाहीतर मयताला. थोरली मात्र चाळीस वर्षं वेदीवरची फुलं बदलत आलेली. रस्त्यासाठी चर्चचा पुढचा निम्मा भाग पाडणार असं कळल्यापासून अकरा महिने तिने दर शुक्रवारी उपास केला आणि दर महिन्याला नगरपालिकेला एक अर्ज लिहिला. शाळेत सिस्टरनी घोटून घेतलेलं वळणदार अक्षर, माथ्यावर बायबलमधलं एक वचन, खाली नम्र विनंती. उत्तर एकाचंही नाही.

"येणार कुठून?" पत्र टेबलावर ठेवत धाकटी म्हणाली होती. "वर वचन दिसलं की आमचा आवक कारकून कागद निमंत्रणांच्या फायलीत टाकतो. त्याला वाटतं, कार्यक्रमाची पत्रिका. अकराच्या अकरा तिथेच निघाले, जाऊबाई."

"आणि तू कशाला गेलीस शोधायला?"

"साहेब म्हणाले, चर्चवाल्यांची हरकतच आलेली नाही. म्हटलं, भिंतीपलीकडे एक बाई वर्षभर उपाशी राहतेय आणि हरकत नाही कशी? शोधले, जुना नकाशा जोडला, पुढे ठेवला. त्यांनी चहा पिता पिता सही केली."

थोरली "बरं झालं" म्हणाली, पण अंगाचा तिळपापड झाला. उपास आपले, गुडघे झिजले आपले, आणि देवाने कामाला लावलं कुणाला? जिला रोजची प्रार्थना धड पाठ नाही तिला. आणि त्या साहेबाला, ज्याने चर्च बाहेरूनही कधी पाहिलं नसेल. संध्याकाळी फादर आले तेही धाकटीचं कौतुक करतच. म्हणाले, "रविवारी आभाराची मिस्सा. त्यात बायबलचं वाचन तुम्ही करा, उतारा तुम्हीच निवडा."

तिने नहेम्या निवडला. आपल्या शहराच्या पडलेल्या तटासाठी रडणारा, उपास करणारा. हा आपल्यातला. पहिल्या अध्यायाशेवटी त्याची प्रार्थना संपते, तिथे तिने पेन्सिलीने खूण केली. पुढच्या अध्यायात तट बांधायला परवानगी देणारा राजा येतो. परका, परक्या देवांचा. त्याच्यासमोर द्राक्षारस होता, साहेबासमोर चहा, एवढाच काय तो फरक. त्याला वगळलं तर बिघडलं कुठे?

रविवारी धाकटी शेवटच्या बाकावर येऊन बसली, ऑफिसची पिशवी मांडीवर घेऊन. जो तो वळून तिच्याकडेच बघत होता. थोरली खुणेपर्यंत वाचत आली आणि थांबली. पुस्तक मिटायचं तेवढं राहिलं. पण इथे मिटलं तर नहेम्या रडतच बसणार आणि तट पडलेलाच राहणार, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिने पान उलटलं. राजाने विचारलं, तुझा चेहरा का उतरला? मग वाटेसाठी पत्रं दिली, लाकडांसाठी पत्र दिलं. दिलं राजाने, आणि हात देवाचा, दोघं एकाच वाक्यात. तोडायला जागाच नव्हती. वाचताना तिचा आवाज काही गोड नव्हता.

बाहेर सगळ्यांनी धाकटीला गराडा घातला. थोरली बाजूला उभी राहून चपला शोधत असल्यासारखं करत होती. धाकटीच तिच्याकडे आली.

"जाऊबाई, तुमच्या राजाने पत्रं जागच्या जागी दिली? आवक क्रमांक नाही, काही नाही?"

"त्याच्याकडे तुमचा कारकून नव्हता."

धाकटी खळखळून हसली. थोरलीला हसू आलं नाही. जळत होतं ते जळतच होतं. तरी ती म्हणाली, "चर्चच्या छपराचा अर्ज द्यायचाय. तो तू लिही."

"आणि वचन?"

"ते मी मागच्या बाजूला लिहीन."

संध्याकाळी तिने डायरीत लिहिलं: साखर संपली. धाकटीकडून वाटीभर आणली.