बिननावाची भट्टी

तोफगाड्यांच्या कारखान्यातून अच्युत उमाठे फोरमन म्हणून निवृत्त झाले, तरी सकाळच्या भोंग्याला दाढी उरकून तयार राहायची त्यांची खोड गेली नाही. बायकोच्या भाजीत मीठ किती असावं यावर मतं देत बसण्यापेक्षा त्यांनी जबलपूरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीत एक शेड घेतली, कारखान्यातलेच निवृत्त सोबती गोळा केले आणि उन्हावर चालणारी भट्टी बनवायला घेतली. आरशांची भलीमोठी थाळी दिवसभर सूर्याकडे तोंड करून फिरायची, गोळा झालेलं ऊन बिडाच्या ठोकळ्यात मुरायचं, आणि दिवस मावळल्यावर ठोकळ्यातल्या नळीत पाणी सोडलं की वाफ तयार. सगळं जबलपुरातच ओतलेलं आणि जोडलेलं. उद्या या धंद्यावर इथली पन्नास घरं जगतील, असं उमाठे सांगायचे. त्यांच्या शब्दावर मुरलीधर वेल्डरने रेल्वेच्या ठेकेदाराकडची बांधलेली नोकरी सोडली होती.

पहिली भट्टी जबलपूरजवळच्या पाटन गावातल्या वसतिगृहावर बसली आणि रात्रीचा डाळभात लाकडाशिवाय शिजला. मुरलीधर म्हणाला, "साहेब, नावाची एक पट्टी ठोकून देऊ का?" उमाठे चिडले. जन्मभर तोफगाडे केले, कधी कोणी त्यावर आपलं नाव घातलं होतं का?

मग ते शेडमध्ये खुर्ची टाकून बसले. आयुष्यभर त्यांना एकच गिऱ्हाईक ठाऊक, ते म्हणजे फौज. नमुना पास झाला की पुढची मागणी आपसूक येते, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलेलं की दारोदार जाऊन माल विकायचा असतो ही गोष्ट त्यांना बेअब्रूची वाटे.

"काहून बसून राहिले तुम्ही?" बायको, सुमेधाबाई, विचारायच्या. "चार लोकांना जाऊन सांगा ना."

"माल पास झाला आहे. आता मागणी काढायचं काम त्यांचं."

हे 'ते' कोण, हे उमाठ्यांनाही सांगता आलं नसतं. बरं, गिऱ्हाईक दारात आलं नाही असंही नाही. बडा फुहाऱ्याच्या बाजारातला एक हलवाई खवा आटवायला भट्टी हवी म्हणून शेडवर आला. उमाठ्यांनी कारखान्याच्या फाटकावरच्या सवयीने त्याला दारातच अडवून विचारलं, "अंदर देखने की लिखित अनुमति है?" बिचाऱ्याने मागे वळून पाहिलं. स्वतःच्या दुकानासाठी भट्टी घ्यायला कोणाची परवानगी आणायची, हे न कळून तो जो गेला तो गेलाच. एका डेरीवाल्याचीही तीच गत झाली. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथे तर कर्म दारात पहाऱ्यालाच बसलं होतं.

अशात सरकारने सगळ्या वसतिगृहांना उन्हाच्या भट्ट्या द्यायचं ठरवलं. देशात बनवणारा असला तर काम त्याला, नसला तर भट्ट्या परदेशातून मागवायच्या. पाहणीसाठी भोपाळहून एक अधिकारी पाटनला येणार होता.

"आज तरी जा," सुमेधाबाई म्हणाल्या.

"तपासणीच्या वेळी बनवणाऱ्यानं समोर उभं राहायचं नसते. माल स्वतः बोलते."

मुरलीधरला मात्र त्यांनी आरसे पुसायला पाठवलं, आणि कारखान्यात देत तशीच ताकीद दिली की तपासणीवाल्यासमोर तोंड उघडायचं नाही.

दिवेलागणीला मुरलीधर परत आला. उमाठे ओसरीवरच होते.

"जोड पाहिले त्यानं?"

"हात फिरवून पाहिले. बोलला, ऐसी सफाई अपने यहाँ कहाँ होती है."

उमाठ्यांचा चेहरा फुलला. इतक्या वर्षांत एवढं कौतुक त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. "मग?"

"मग वॉर्डनला विचारलं, कोणी बनवली. वॉर्डन नवा आहे, त्याला माहीत नाही. मग नाव शोधलं, चारही बाजूंनी. शेवटी लिहून घेतलं, बाहर का माल. अपने देश में कोई बनाता नहीं."

सुमेधाबाई दारात आल्या. "मुरलीधरभाऊ, तुम्ही तिथंच होते ना? तुम्ही काहून नाही बोलले?"

मुरलीधरने त्यांच्याकडे पाहिलं नाही, उमाठ्यांकडे पाहिलं.

"साहेबांनी तोंड उघडू नको म्हटलं होतं, वहिनी."

उमाठ्यांना त्याचा राग आला नाही. राग यायला कुठे जागाच नव्हती. परदेशी भट्ट्यांचे खोके आले तेव्हा त्या बसवायला जोडकाम येणारा माणूस लागला, आणि मुरलीधर त्या कामावर गेला. जाताना तो विचारायला आला नाही.