सरांचा कडप्प्याचा ओटा

केळसकर सर गेल्याचा फोन त्यांच्या पत्नीनं, काकूंनीच केला. "कॉलेजला कळव. गाडी पाठवा म्हणावं," एवढंच म्हणाल्या. सरांचा देह त्यांच्याच कॉलेजला द्यायचा, हे घरात केव्हाच ठरलं होतं.

कॉलेज त्यांनीच काढलेलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भाईंदरजवळच्या मुर्ध्यात मिठाचं रिकामं गोदाम भाड्यानं घेऊन सरांनी होमिओपॅथीचे वर्ग सुरू केले, आम्ही पहिल्या तुकडीतले. डिसेक्शनसाठी लोखंडी पायांवर कडप्पा बसवून त्यांनी ओटा करून घेतला. तो आत नेताना शेजारची कोळीण दारात आली. "डागतर, हितं मढी कापनार हाय का?"

"कापणार. शेवटी माझंही इथंच कापतील," सर हसले. ती पदर तोंडाला लावून पळाली.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला चपला बाहेर काढायला लावल्या, मृतदेहाच्या पायाशी फूल ठेवायला लावलं. "हे तुमचे पहिले सर. मी दुसरा." पुढच्या प्रत्येक तुकडीनं हा रिवाज पाळला...

मग काशीमीऱ्याला हायवेलगत चकचकीत इमारत झाली, ट्रस्टवर बिल्डर आले. देणग्या घेऊन प्रवेश द्यायला सरांनी विरोध केला आणि त्यांनीच गोळा केलेल्या माणसांनी त्यांना बाजूला सारलं. आधी खुर्ची गेली, मग खोली. मी चिडून म्हटलं, "आता तरी देहदान रद्द करा, सर."

"माझं भांडण माणसांशी आहे गं. ओट्याशी नाही."

प्रिन्सिपल माझाच वर्गमित्र, सरांनी घडवलेला. फोनवर म्हणाला, "ट्रस्टींना विचारल्याशिवाय बॉडी आत कशी घेऊ? तू पण ना... संध्याकाळी बघतो." संध्याकाळी त्यानं फोनच उचलला नाही. मुंबईतल्या दुसऱ्या कॉलेजला विचारू का, म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "नको. दारोदार नाही फिरवायचं त्यांना." सरांना भाईंदरच्या स्मशानात अग्नी दिला. मला अजून संताप येतो, आणि तो ओसरावा असं वाटतही नाही.

गेल्या आठवड्यात कॉलेजनं शोकसभा घेतली. देह नाकारणाऱ्या ट्रस्टींनी भाषणात सरांना दधीची म्हटलं! डिसेक्शन हॉलमध्ये स्टीलची टेबलं आल्यापासून ओटा लॉबीत शोभेला ठेवलाय. त्यावर सरांचा फोटो, भलामोठा हार. ओट्यावर पोचले सर, पण फोटोपुरते.

मी फूल वाहिलं नाही. चपला मात्र दाराबाहेरच काढल्या होत्या.