एक पीस बघून
कपाट आवरताना ह्यांचा मोजमापाचा व्हर्निअर हाती लागला, त्याला अजून कंपनीतल्या ऑइलचा वास होता. चाकणला हे क्वालिटी तपासायचे. ह्यांच्या फुफ्फुसातल्या गाठीतून सुईने काढलेल्या तुकड्यात एका जातीचा कॅन्सर निघाला, औषधं त्याचीच चालली, गाठ मात्र वाढतच राहिली. पुन्हा तुकडा काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "एकाच गाठीत दोन जाती आहेत, असं क्वचित होतं." हे खोकत हसले, "एक पीस बघून मी अख्खा लॉट पास केला असता, तर कंपनीने हाकललं असतं, डॉक्टर." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या जागेचाही तुकडा घेऊ, असं ते सुरुवातीलाच म्हणाले होते; "पुन्हा सुई नको, त्यांना सोसत नाही," म्हणून मीच अडवलं होतं. ह्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि चारचौघांत मी अजून दोष डॉक्टरांनाच देते.