काकांनी परत मागितलेले डबे

नवा डबा हातात आला की काका आधी झाकण उघडून नाक आत घालायचे. मग म्हणायचे, "गरम काय घालू नका हां ताई, बाकी एकदम टकाटक!"

सातिवलीच्या एका प्लास्टिक कारखान्यात ते मशीनवर होते. बोळिंजच्या आमच्या इमारतीत आमच्या समोरच राहायचे. झाकण वाकडं, रंग फिका असा बाद झालेला माल ते दर दिवाळीला घरोघर वाटत. आमचे पोहे, डाळी, लेकाचा खाऊ, सगळं काकांच्या डब्यात. तुमच्याही शेजारी असा कोणी असेल. त्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

मग काकांना नात झाली. तिची नाचणी डब्यात भरताना मुलीनं विचारलं, "बाबा, हा कशापासून बनतो?" काकांना खोटं बोलता येईना. भंगार वितळवून बनवलेले, खिळे-स्क्रू ठेवायचे डबे होते ते. प्रेमापोटी त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात पोचवले होते.

रविवारी गोणी घेऊन काका दारात हजर.

"डबे परत द्या."

"काका, दिलेलं कोणी परत मागतं का?" मी हसले.

"मागतं. पोरांना त्यातून खायला घातलंत ताई, माझ्या भरवशावर. चुकलं माझं. स्टील वापरा, काचेच्या बरण्या वापरा, पण हे नको."

लोकांनी दोन दिले, दहा लपवले. खोटं कशाला बोलू, मीही लपवले. स्टीलमध्ये आत काय आहे ते दिसत नाही, हे माझं कारण. जिन्यात भेटले की काका विचारायचे, "पोहे कशात?" मी बेधडक सांगायची, "स्टीलमध्ये!"

एकदा चहाला आले आणि ओट्यावरचा तो निळा डबा त्यांना दिसला. अर्धा चहा तसाच ठेवून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच संध्याकाळी मी सगळे डबे काढून टाकले, पण त्यांना सांगायचा धीर काही झाला नाही.

गेल्या उन्हाळ्यात काका झोपेतच गेले.

त्यांच्या घरी चूल पेटायची नव्हती, म्हणून जेवण आम्ही शेजाऱ्यांनी पोचवलं. कोणी पिठलं आणलं, कोणी भात, कोणी पोरांसाठी दूध. काकूंचा ओटा भरून गेला. स्टीलचे डबे, एक पितळी पातेलं, काचेच्या दोन बरण्या. प्लास्टिकचं एकही भांडं नव्हतं. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

काकूंनी ओट्यावरच्या एकेका भांड्यावरून हात फिरवला.

"हे म्हणायचे, कोणी ऐकलंच नाही माझं," त्या म्हणाल्या.

मी भाताचा डबा त्यांच्या हातात दिला आणि मला रडू आवरेना.