वानराचं सुतक

उत्क्रांतीचा धडा आला, की उस्मानपुऱ्यातल्या शाळेत बद्रीनाथ सर आपल्या आईचा किस्सा सांगत आणि वर्ग पोट धरून हसे. वर्षानुवर्षं हसला. आता तो किस्सा आठवला, की सरांना हातातला घास गोड लागत नाही.

आई, दगडाबाई, फर्दापूरला राहायची. शनिवारी मारुतीला तेल घातल्याशिवाय पाणी न पिणारी बाई. नवाकोरा बीएस्सी झालेला लेक घरी आला आणि माणूस देवानं घडवलाच नाही, माणूस नि वानर एकाच मुळातून आले, असं तिला सुनावून मोकळा झाला. उथळ पाण्याला खळखळाट फार! मायलेकांत अबोला झाला. लेक देवाला पारखा झाला, याचा तिनं घोर घेतला.

पुढं गावात विजेच्या तारेला चिकटून एक वानर मेलं. गावानं त्याला टाळमृदंगात नेऊन माती दिली. त्याच आठवड्यात बद्रीनाथ घरी आला, तर देवापुढं दिवा नाही आणि आई देव्हाऱ्यापासून लांब बसलेली. आपल्यातलं कोण गेलं, म्हणून त्यानं घाबरून विचारलं.

"वानर गेलं," ती म्हणाली. "एका मुळाचे म्हणून तूच म्हणला व्हता ना? मंग भावकीच झाली की. धा दिवस सुतक धरलंय म्या. तूबी धर."

इतक्या दिवसांनी ती आपणहून बोलली होती. पण बद्रीनाथला हसू आवरेना. तो म्हणाला, "आई, सुतक सात पिढ्यांचं असतं. ही भावकी लाखो पिढ्यांमागची आहे."

दगडाबाईनं सुतक तिथंच सोडलं. उठली, आंघोळ केली आणि देवापुढं दिवा लावला. त्यानंतर ती लेकाशी पिकापाण्याचं बोलली, सोयरिकीचं बोलली, देवाचं किंवा शाळेचं मात्र मरेपर्यंत कधी बोलली नाही. तो आपला जिंकल्याच्या तोऱ्यात किस्सा सांगत राहिला.

निरोपसमारंभात सरांनी तो शेवटचा सांगितला. सगळे हसले. शेजारच्या खुर्चीवर विज्ञानाच्याच अजरा मॅडम होत्या. पाच वक्ताची नमाज पढणाऱ्या आणि तोच धडा मन लावून शिकवणाऱ्या. त्या तेवढ्या हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "सर, म्हणजे अम्मींना तुमचं पटलं होतं ना?"

सरांच्या गळ्यात हार होता. सगळे त्यांच्याकडं बघत होते. पटलं होतं. देव न सोडता तिनं लेकाचं सगळं पटवून घेतलं होतं. हे कबूल करायला त्यांना एकच माणूस हवं होतं, आणि तिला जाऊन कित्येक वर्षं झाली होती.