नवस फेडल्यानंतर

तांडेलांनी इन्शुलिन बंद केलं ते चैत्रातल्या जत्रेच्या दिवशी, दुपारची पंगत उठल्यावर. त्याआधी अकरा महिने ते घेत होते. सुरुवातीला दिवसातून चार वेळा, शेवटी शेवटी एकदाच, तेही चार युनिट. वय छत्तीस. आजार टाइप वन मधुमेह.

मांडव्याहून मुंबईला जाणाऱ्या सकाळच्या लाँचचं सुकाणू त्यांच्या हातात असे. नोकरीसाठी नऊ वर्षं मी त्याच लाँचने जात होतो आणि त्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसत होतो. दुसऱ्याच्या सांगण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नसे. काटा अर्धी टाकी दाखवत असला तरी ते झाकण उघडून, काठी बुडवून डिझेल बघत. हवामानाचा इशारा मोबाइलवर आला तरी आधी जेटीच्या टोकाला जाऊन तोंड वाऱ्यावर धरून उभे राहत. खलाशी म्हणत, तांडेलांनी लग्नातसुद्धा अंतरपाट वर करून आधी नवरी तपासली. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "बघितल्याबिगर न्हाय." प्रवासी वैतागत, मीही वैतागत असे. पण त्या नऊ वर्षांत लाँच एकदाही भर समुद्रात बंद पडली नाही.

आजार निघाला तेव्हा दोन महिन्यांत त्यांचं वजन चौदा किलो उतरलं होतं. अलिबागच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, इन्शुलिन आता कायमचं. तांडेलांनी ते इंजिनासारखंच हाती घेतलं. जेवणाआधी बोटाला टोचायचं, मीटर बघायचं आणि आकडा भरती-ओहोटीच्या पुस्तिकेत त्या दिवसाच्या भरतीसमोर पेन्सिलीने लिहायचा. पुस्तिका केबिनमध्ये खिळ्याला टांगलेली असे. कोणीही उघडून बघावी.

पाचव्या महिन्यापासून आकडे उतरू लागले. डोस कमी करत करत चार युनिटवर आला. डॉक्टरबाईंनी समजावलं की स्वादुपिंडात थोड्या पेशी शिल्लक आहेत, त्यांना आराम मिळाला म्हणून त्या काम करताहेत. हे काही महिनेच टिकतं. याला हनिमून म्हणतात. हा शब्द तांडेलांनी जेटीवर सगळ्यांना ऐकवला. "चौदा वर्सांनी हनिमून, तो पन एकट्याचा. बायको घरीच." खलाशी दोन दिवस हसत होते. वाक्याचा पुढचा भाग, काही महिनेच टिकतं हा, त्यांनी कोणाला सांगितला नाही.

मग एकदा त्यांनी चार युनिटही घेतले नाहीत आणि मीटर लावलं. एकशे चार. दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याण्णव. मी म्हणालो, डॉक्टरबाईंना विचारल्याशिवाय बंद करू नका. त्यांनी पुस्तिका माझ्यापुढे धरली. "भाऊ, बगा. डोल्यांनी बगा." आकडे खरे होते. सांगोवांगीवर न विसंबणारा माणूस स्वतः मोजूनच चुकत होता.

तरीही दोन दिवसांनी त्यांनी चार युनिट पुन्हा सुरू केले, आणि जत्रा नसती तर ते चालू राहिले असते, असं वहिनी म्हणतात. वहिनी म्हणजे तांडेलांची बायको. आजार कळला त्याच आठवड्यात तांडेलांच्या आईने गावदेवीला नवस बोलला होता: पोराची सुई सुटू दे, सगळ्या पाड्याला जेवण घालीन. आकडे बघून आईने नवस फेडायचं ठरवलं. तांडेल अनवाणी पालखीखाली गेले. दोनशे माणसं जेवली. आणि त्या पाड्यात रीत अशी की फेडलेल्या नवसाचं दुखणं पुन्हा तोंडावर आणायचं नाही. औषध तर नाहीच. पंगत उठल्यावर वहिनींनी सवयीने इन्शुलिनचं पेन पुढे केलं, तेव्हा आईने एवढंच विचारलं, "देवीला खोटी पारतंस?" तांडेलांनी पेन परत दिलं.

त्यानंतर मी तीनदा विषय काढला. पहिल्यांदा ते हसले. दुसऱ्यांदा म्हणाले, दोनशे माणसं जेवून गेलीत, त्यांना आता काय सांगू? तिसऱ्यांदा त्यांनी केबिनचं दार ओढून घेतलं. डॉक्टरबाईंनी दोनदा फोन केला. त्यांना तांडेल म्हणाले, लाँचवर हाय, मंग करतो. मग केला नाही.

पावसाळ्यासाठी लाँच बंद होण्याआधीच्या शेवटच्या दिवशी, सकाळच्या फेरीला सदऱ्याची कॉलर त्यांच्या मानेभोवती सैल पडली होती. मुंबई येईपर्यंत त्यांनी पाण्याच्या तीन बाटल्या संपवल्या आणि दोनदा सुकाणू खलाशाकडे देऊन मागे जाऊन आले. मी विचारलं तर म्हणाले, उन्हाळा हाय. पुस्तिका खिळ्याला होती. मी उघडली. जत्रेनंतर अकरा दिवस आकडे होते. शेवटचा दोनशे चाळीस. पुढच्या भरत्यांसमोर काही नव्हतं.

"पट्ट्या संपल्या," ते म्हणाले.

मीटरच्या पट्ट्या गेटवेसमोरून चालत दहा मिनिटांवर मिळत होत्या. मी त्या दिवशी एक डबी घेतली आणि संध्याकाळी परतीच्या फेरीत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लाँच जेटीला लावायला गेले. ती आमची शेवटची भेट.

पुढचं वहिनींनी सांगितलेलं, आणि रुग्णालयाच्या कागदावर आहे तेवढं. आषाढात त्यांना दोन दिवस उलट्या होत होत्या. घरात सगळ्यांना वाटलं, सुकी मासळी बाधली. तिसऱ्या दिवशी सकाळी श्वास मोठ्याने आणि भरभर चालू लागला. सात वाजता त्यांनी वहिनींना जवळ बोलावलं. "सुई हाय काय? दे. आयला नको सांगू." वहिनींनी एक पेन फ्रिजमध्ये कोकमाच्या बाटलीमागे ठेवलं होतं. मी दिलेल्या डबीतली पट्टी काढून त्यांनी आधी मीटर लावलं. मीटरवर आकडा आला नाही. सहाशेच्या वर गेलं की ते नुसतं इंग्रजीत 'हाय' दाखवतं. डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं, बारा युनिट द्या आणि ताबडतोब निघा. आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. सुई वहिनींनी टोचली. तांडेलांचा हात आईने धरला.

रिक्षा सात चाळीसला निघाली. रस्त्यावर दोन ठिकाणी पाणी होतं. अलिबागला दाखल केल्याची नोंद आठ पंचावन्नची आहे. मृत्यूची नोंद अकरा वीसची.